सहल सगळ्यांची व्हायची असेल तर

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की मराठीच्या तासाला 'आमची सहल' हा निबंध ठरलेला. मुलं उर्दू माध्यमाची, घरी उर्दू आणि रस्त्यावर मराठी बोलणारी, त्यामुळे निबंध बरेचसे एकाच साच्यातले. सकाळी लवकर उठलो, गाडीत गाणी म्हटली, झाडं पाहिली, खूप मजा आली. काही वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलीच्या वहीत मात्र एक वाक्य वेगळं निघालं. 'अम्मी पण आली होती, पण ती भांड्यांजवळ बसली होती.' व्याकरण बरोबर, लाल पेनाला काम नव्हतं. तरी वही बाजूला ठेवावी लागली.

घरी सांगितलं तेव्हा भाभी एवढंच म्हणाल्या, "आपल्याकडे वेगळं काय होतं?"

खरंच वेगळं नव्हतं. आमच्या बिऱ्हाडाची पिकनिक म्हणजे पहाटे साडेतीनला गॅस पेटायचा. तीन किलो तांदळाची बिर्याणी, ताटभर शामी कबाब, रायता, वर खीर. जागेवर पोचलं की मुलांना वाढा, मग मर्द मंडळी, मग बायकांनी थंड झालेलं खायचं. तोवर मुलांना पुन्हा भूक लागलेली. संध्याकाळी घरी आल्यावर टोप घासायला त्याच. आम्ही बाकीचे 'क्या मज़ा आया' म्हणत आडवे. दोन दिवस आधी आणि एक दिवस नंतर राबून त्या बायकांनी सहलीत पाहिलं काय, तर दस्तरख्वानची कड.

तेव्हापासून आम्ही पिकनिक उलट्या बाजूने ठरवायला लागलो. कुठे जायचं आणि काय खायचं हे नंतर. आधी कोण येणार आणि त्या प्रत्येकाला दिवसभरात काय लागणार, हे कागदावर. शाळेची सहल काढताना आम्ही शिक्षक हेच करतो, घरच्या सहलीला मात्र हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

आधी माणसं, मग जागा

आमचा आकडा साधारण बावीसचा असतो. कल्याणचं आमचं घर, मुंब्र्याची खाला आणि तिची मुलं, डोंबिवलीचे चाचा, भिवंडीची आपा. तेरा मोठे, नऊ लहान. यातल्या दादीअम्मांचे गुडघे दोन जिने चढले की बोलू लागतात. चाचांना शुगर आहे, त्यांचं जेवण तासभर पुढे गेलं तर हात थरथरतो. दोन मुली तेरा-चौदा वर्षांच्या. एक पोरगा तीन वर्षांचा, त्याला झोप आली की जग थांबतं.

एवढं लिहिलं की निम्म्या जागा आपोआप बाद होतात. एका वर्षी आम्ही शहापूर तालुक्यातल्या एका नदीकाठी गेलो होतो. जागा सुंदर, सावली भरपूर, पण बाथरूम म्हणून काहीच नाही. मर्दांना प्रश्न पडला नाही. बायका आणि मोठ्या मुलींनी मात्र सकाळपासून पाणी पिणंच बंद केलं. तीन वाजता एकीचं डोकं फुटायला लागलं, चार वाजता ओकारी. आम्ही समजलो उन्हामुळे. ऊन होतंच, पण सात तास पाण्याचा घोट नाही हे आम्हाला रात्री कळलं, तेही मुलीने आईला सांगितलं म्हणून.

म्हणून जागेसाठी आमचा पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा असतो. दारं लागतात का, पाणी आहे का, बसायच्या जागेपासून किती लांब. ही चौकशी फोनवर होत नाही, कोणीतरी आधी जाऊन यावं लागतं. आमच्यापैकी दोघं आठवडाभर आधी जाऊन पाहून येतात. त्यात एखादी बाई असायलाच हवी. पुरुष पाहून आला की 'सब ठीक है' एवढाच अहवाल मिळतो.

पावसाळ्यातलं पाणी

पहिला पाऊस पडला की मुलं धबधब्याचा हट्ट धरतात. मुंब्रा बायपासवरून डोंगर दिसतो, बदलापूरला कोंडेश्वर, खडवलीला नदी, मुरबाडकडून माळशेज. सगळं हाताच्या अंतरावर. आमच्या घरात मात्र जून ते सप्टेंबर पाण्याकाठी पिकनिक नाही. यावर चर्चा होत नाही.

३० जून २०२४ ला, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक बाई आणि चार मुलं. सहलीलाच आलेलं कुटुंब. ते दृश्य सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलंय. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी माणसं, आणि काठावरून ओरडणारे लोक. ते आपल्यासारखंच घर होतं, आपल्यासारखीच नावं होती. कोणी दारू पिऊन मस्ती करत नव्हतं. पाणी कमी होतं म्हणून आत गेले, आणि पाणी वाढलं.

पाणी वाढतं कसं हे मुलांना सांगायला हवं. आपण उभे असतो तिथे ऊन असू शकतं, पण वर डोंगरात पाऊस कोसळलेला असतो आणि ते सगळं पाणी एकाच घळीतून खाली येतं. काही मिनिटांत. आधी पाण्याचा रंग मातकट होतो, पानं-काटक्या वाहून यायला लागतात, आवाज बदलतो. ही खूण दिसली की सामान सोडून बाहेर पडायचं. जेमतेम सहा इंच खोल पाणी वेगात असेल तर मोठ्या माणसाचाही तोल जातो, शेवाळलेल्या खडकावर तर आणखी लवकर. आणि हात धरून साखळी केली की आपण सुरक्षित, हा समज काढून टाकायला हवा. एक घसरला की साखळी सगळ्यांना ओढते.

ठाण्याचे जिल्हाधिकारी पावसाळ्यात अशा ठिकाणांवर मनाई आदेश काढतात. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. खडवली, कोंडेश्वर, माळशेज ही नावं अशा यादीत आलेली आहेत. पोलीस अडवतात तेव्हा 'आमचीच पिकनिक दिसली का' असं बोलणारे आपल्यातही असतात. त्यांनी ती क्लिप पुन्हा एकदा पाहावी.

मग जायचं कधी? नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. ऊन सोसवतं, अन्न टिकतं, नद्या-ओढे शांत असतात. बासी ईदला जायची जुनी रीत आहे, पण ईद उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात आली तर ती रीत घरच्या गच्चीवर पाळावी.

माथेरान का

गेल्या हिवाळ्यात आम्ही माथेरानला गेलो. बावीस माणसांचा कागद समोर ठेवल्यावर ते बसलं. गाड्यांना बंदी असल्याने मुलं मोकळी सोडता येतात, झाडांची सावली दिवसभर, बाजारपेठ असल्याने बाथरूम, औषध, दूध मिळतं, आणि दादीअम्मांना न चालता नेता येतं.

आणखी एक कारण होतं. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी आपल्या मुलांनी पाहावी असं आमच्या मनात होतं. इंग्रजांच्या काळात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये त्या डोंगरावर चढले आणि माथेरान साहेब लोकांच्या नकाशावर आलं. पण वर रेल्वे नेली ती मुंबईच्या पीरभॉय घराण्याने. सर आदमजी पीरभॉय हे बोहरा व्यापारी, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केलं आणि १९०७ मध्ये गाडी धावली. साधारण एकवीस किलोमीटर लांब, रूळ दोन फूट रुंदीचे. खर्च त्या काळातला सोळा लाख रुपये, वडिलांच्या खिशातून. जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, दोन वर्षांनी गाडी परत आली. २०१९ च्या पावसाने पुन्हा थांबली, ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग दरवर्षी बंद असतो. एवढी गोष्ट गाडीत बसल्या बसल्या सांगितली तर मुलं ऐकतात. वर्गात तीच गोष्ट सांगितली तर जांभया देतात, हा आमचा अनुभव.

मात्र बावीस जणांना नेरळला छोट्या गाडीत जागा मिळेलच हे धरून चालू नये. डबे थोडे, रविवारची रांग लांब. आम्ही आधीच ठरवलं होतं की नेरळहून टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जायचं आणि तिथून पुढे अमन लॉज ते माथेरान या शटल गाडीत मुलं, दादी आणि सामान बसवायचं. दस्तुरीला गाड्या थांबतात. अमन लॉज स्टेशन तिथून थोडंसं चालत गेलं की लागतं. हे ज्याला माहीत नसतं तो उतरल्या उतरल्या घोड्यावर बसतो आणि मग भावावरून वाद घालतो. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. ई-रिक्षा आहेत, पण रविवारच्या गर्दीपुढे त्या कमीच. म्हणून म्हाताऱ्या माणसाची सोय शटलवरच धरावी.

ज्यांना एवढं लांब जमत नाही त्यांनी मन छोटं करू नये. ठाण्याच्या उपवनला किंवा कल्याणच्या काळा तलावाकाठी अर्ध्या दिवसाची पिकनिकही पिकनिकच असते. वर लिहिलेला कागद तिथेही लागतो.

वार आणि वेळ

शुक्रवार नको, हे उघड आहे. राहतो रविवार, आणि रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. शनिवारी संध्याकाळी कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये आणि किती ते किती, हे बघितल्याशिवाय झोपायचं नाही. कर्जत लोकल ठाणे-कल्याणसारखी दर पाच-दहा मिनिटांनी नसते. एक चुकली की फलाटावर बावीस माणसं, आठ पिशव्या आणि झोपेतला पोरगा. आम्ही जाताना सकाळी सहाच्या आसपासची गाडी धरतो. मुंब्र्याची मंडळी धीम्या लोकलने कल्याणला येऊन मिळतात. सकाळी कर्जतच्या दिशेने गर्दी कमी असते, पाऊण तासात नेरळ.

महिला डबा आणि जनरल डबा अशी आमची फाटाफूट होते, त्यामुळे कोण कोणाबरोबर हे घरीच ठरलेलं असतं. 'शेलू गेलं की उठायचं, नेरळला उतरायचं,' हे लहान पोरांनाही पाठ करून घेतो.

नमाजचं गणितही आधी करावं. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान. मगरिब सहा ते साडेसहाच्या दरम्यान येते, म्हणजे पाच वाजता वरून निघायला हवं. आमच्या भाभी कोकणी, शाफई, आणि आम्ही हनफी. असरमध्ये पाऊण तासाचा फरक पडतो. दोघांचीही असर निघण्याआधी व्हावी म्हणून सामान आवरायला साडेचारच्या आत लागायचं आणि हनफींनी जायनमाज सर्वात शेवटी गुंडाळायची. कसरचा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं. ठाण्याहून धरलं तरी माथेरान सत्तर किलोमीटरच्या आत आहे, आणि उलेमा सांगतात ते सफरचं अंतर साधारण ७७ किलोमीटर किंवा त्याहून जास्त. म्हणजे नमाज पुरी पढायची. शंका असेल तर मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना आधी विचारावं, डोंगरावर मोबाईलला रेंज शोधत नाही.

डब्यात काय

इथे सर्वात जास्त भांडण होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

बिर्याणीशिवाय पिकनिक कसली, असं म्हणणारे आमच्याकडे पाच आहेत. पाचही जण बिर्याणी शिजवत नाहीत. पण प्रश्न कष्टाचाच नाही. शिजलेला भात कोमट अवस्थेत पाच-सहा तास राहणं धोक्याचं असतं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उलटी-जुलाब इथूनच सुरू होतात आणि आपण दोष देतो डोंगरावरच्या पाण्याला. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली, आणि शिजलेलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त नको. मटण, चिकन, अंडी, दूध, दही सगळ्यांना हेच लागू.

पहाटे चारची बिर्याणी दुपारी दीडला उघडायची म्हणजे साडेनऊ तास. हिशेब ज्याचा त्याने करावा.

आम्ही आता असं करतो. मांसाचा एकच पदार्थ, सुका कीमा, आणि तो निघायच्या तासभर आधी शिजून कॅसरोलमध्ये. कॅसरोलमध्ये आधी दहा मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवायचं, मग ओतून, पुसून, उकळता पदार्थ काठोकाठ भरायचा. अर्धा भरलेला डबा लवकर थंड होतो. झाकण मध्ये उघडून 'जरा चव बघू' नाही. कॅसरोल उघडतो ते दस्तुरीला, सकाळच्या नाश्त्यालाच, नऊच्या आत. उघडल्यावर वाफ यायला हवी. वाफ नाही तर मुलांना द्यायचा नाही, कोणी कितीही नाराज होवो. सोबत पराठे. मोठ्याला तीन, लहानाला दोन, म्हणजे तेरा त्रिक एकोणचाळीस आणि नऊ दुणे अठरा, सत्तावन्न. साठ करावेत. हे साठ पराठे एका घरात लाटायचे नाहीत. चार घरं, पंधरा-पंधरा.

दुपारचं जेवण आम्ही वर बाजारपेठेत घेतो. आधी पाहून आलेली मंडळी हलालची खात्री करून, बावीस माणसांचं सांगून येतात. डाळ-भात, एक भाजी, चिकन, रोटी, गरम गरम. खर्च होतो. पण तो आम्ही तीन महिने आधीपासून दर घरामागे थोडा थोडा बाजूला काढतो. पहिल्यांदा हे सुचवलं तेव्हा भाईजान म्हणाले, "घर का खाना छोड़ के होटल?" भाभी म्हणाल्या, "आप पका लीजिए ना." विषय संपला. ज्यांना हॉटेल परवडत नाही त्यांनी दुपारी कोरडं न्यावं. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर मेथीचे ठेपल्यासारखे पराठे, कुरकुरीत तळलेली पुरी, उकडून आणलेले पण तिथेच सोलून मीठ लावलेले बटाटे, काकडी-कांदा-लिंबू तिथेच चिरून. पिकनिकला रायता हा आमच्या यादीतून कायमचा गेला.

दुपारनंतर खारी, टोस्ट, नानखटाई, खजूर, भाजलेले चणे, केळी, संत्री. चाचांसाठी बिस्किटं आणि ग्लुकोजची पुडी वेगळ्या खिशात, जी दुसऱ्या कोणी उघडायची नाही.

पाण्याचं वजन लोक विसरतात. माणशी दोन लिटर धरलं तर बावीस माणसांचं चव्वेचाळीस किलो. कोणीच उचलू शकत नाही. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर एक लिटरची बाटली, आणि वर गेल्यावर पुन्हा भरायची. यातल्या चार-पाच बाटल्या आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवतो, तीन चतुर्थांशच भरून, कारण बर्फ फुगतो. त्या फळांच्या पिशवीत बर्फाचं काम करतात आणि दुपारी प्यायला गार पाणी मिळतं. वजूसाठी वेगळे कॅन लागतात हा गैरसमज आहे. हदीसमध्ये एका मुद्दात, म्हणजे दोन ओंजळींच्या मापात, वजू झाल्याचं येतं. अर्धा-पाऊण लिटरची बाटली एका माणसाला भरपूर. नळ सोडून वजू करायच्या सवयीने आपल्याला ते कमी वाटतं.

पिशव्या

एका पिशवीत एकच काम. ही सवय शाळेतून आली. जेवणाची पिशवी, नमाजची पिशवी, कपड्यांची, औषधांची. प्रत्येकीच्या बंदाला वेगळ्या रंगाची रिबीन. औषधांची लाल. ती कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. त्यात दादीच्या बीपीच्या गोळ्या, ताप आणि उलटीची औषधं, पट्ट्या, कापूस, ओआरएसची पाकिटं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. नेरळहून वर घाट आहे, त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी लिंबू आणि कागदी पिशव्या वरच हाताशी.

मुलींच्या गरजेच्या वस्तूंची छोटी पिशवी आपा स्वतः भरतात. एक रिकामा, झाकणाचा लोटा, साबण, जुनी वर्तमानपत्रं. मुलींना कोणाला मागायला लागू नये, म्हणून ती पिशवी कुठे आहे हे त्यांना आधीच सांगितलेलं असतं. या एका पिशवीने आमच्या मुलींचं पाणी पिणं परत सुरू झालं.

माथेरानची माती लाल आहे आणि ती पांढऱ्या कुर्त्यावर प्रेम करते. गडद कपडे घालावेत, पायात बूट. बुरखा घालणाऱ्यांनी तो घोट्याच्या वर येईल असा निवडावा, नाहीतर खडकाळ वाटेवर पायात येतो. घोड्यावर बसायचं असेल तर रिकिबीत अडकतो. जास्तीच्या सेफ्टीपिना न्याव्यात. कल्याणपेक्षा वर हवा चार-पाच अंश थंड, सूर्य कलला की मुलांना स्वेटर लागतो.

माकडांबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज कळतो. हातात खाऊ घेऊन चालणारं मूल म्हणजे त्यांच्यासाठी दस्तरख्वानच. अन्न घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबे कापडी पिशवीत, आणि चालताना खाणं बंद. काचेच्या बाटल्या नकोत. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, कचरा खाली आणायचा. त्यासाठी एक रिकामी गोणी भाईजानच्या पाठीवर असते. शार्लोट तलाव गावाला पिण्याचं पाणी देतो, तो पोहायसाठी नाही.

त्या दिवशी

बावीस जणांचे चार गट, पाच, सहा, पाच, सहा. प्रत्येक गटाला एक प्रमुख. आमच्याकडे दोन प्रमुख नववी-दहावीतली मुलं आहेत आणि मोठ्यांपेक्षा ती जास्त कडक. फलाटावर, गाडीतून उतरल्यावर, दस्तुरीला, प्रत्येक पॉइंट सोडताना प्रमुख आपला आकडा ओरडून सांगतो. पाच, सहा, पाच, सहा. एखाद्याने 'चार' म्हटलं की सगळे जागच्या जागी थांबतात. लहान मुलांच्या खिशात दोन मोठ्यांचे नंबर लिहिलेला कागद. कड्याच्या कठड्यापलीकडे फोटोसाठी कोणीही जायचं नाही, मोठ्यांनी तर अजिबात नाही, कारण मुलं त्यांचंच पाहून जातात.

दिवसात तीनच पॉइंट. पाच ठरवले की धावपळ होते, तीन ठरवले की कुठेतरी बसता येतं. आम्ही दोन केले. तिसऱ्याच्या वाटेवर एका झाडाखाली दादीअम्मांनी जायनमाजवर बसूनच सांगितलं, "अब तुम लोग जाओ, मैं इधर ठीक हूँ." तिथे त्यांच्याजवळ कोण थांबणार हेही कागदावर लिहिलेलं होतं, आणि ते नाव बाईचं नव्हतं. भाईजान दोन तास त्यांच्याजवळ बसले, तीन वर्षांचा पोरगा मांडीवर झोपलेला. भाभी, आपा आणि खाला मुलींना घेऊन पुढे गेल्या. परत आल्या तेव्हा बुरख्यांच्या कडा लाल झाल्या होत्या आणि तिघी एकाच वेळी बोलत होत्या.

रात्री नऊला कल्याणला उतरलो. भांडी फारशी नव्हतीच, एक कॅसरोल, चार डबे आणि चमचे. ती कोणी घासायची हे ठरलेलं होतं. भाईजान आणि चाचा ओट्याशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी यादी पुन्हा काढली. जे न वापरता परत आलं त्यावर फुली मारली, यंदा बॅडमिंटनच्या रॅकेटी आणि दुसरी चटई. जे कमी पडलं ते खाली लिहिलं. टॉर्च, आणखी एक कंगवा. आणि भाभींच्या अक्षरात, 'कीमा ज़रा ज़्यादा'. कॅसरोलचं झाकण अजून सापडलेलं नाही.